तिसरा खांब

दर्शना शिगवण त्या दिवशी सकाळपासून चार वेळा मेली होती, आणि चहाची सुट्टी अजून व्हायची होती.

निरीक्षण कक्षाच्या काचेतून डॉ. सुलक्षणा रहाटे तिचं पाचवं मरण पाहत होत्या. पलीकडच्या हॉलमध्ये खांब नव्हता, तार नव्हती. शिडीच्या जागी जागच्या जागी फिरणाऱ्या पायऱ्यांचं एक यंत्र तेवढं होतं. पण दर्शनाच्या डोळ्यांवर चक्षुपट होता, हातांत स्पर्शमोजे होते, आणि तिच्यापुरती ती वादळाने झोडपलेल्या एका गावात सात मीटर उंचीवर उभी होती. तिचा कोपर बाजूच्या तारेला लागला. मोज्यांनी झटका दिला आणि पडद्यावर लाल अक्षरांत ‘मृत्यू’ उमटलं. दर्शनाने चक्षुपट वर केला, दोन घोट पाणी प्यायली आणि पुन्हा चढायला लागली.

“मरायची सवय होते का हो यांना?” शेजारी उभ्या असलेल्या डॉ. इरफान मुकादमांनी विचारलं. माणूस शिकतो कसा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. महिन्याभरापूर्वी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“होऊ नये म्हणून तर मोजे चावतात,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “आमचा पहिला उपाय तोच होता.”

ही प्रतिसृष्टी त्यांनी सहा वर्षं खपून उभी केली होती. सातशे घरांचं गाव, त्यातल्या पाणंदी, माड, कुंपणं, भुंकणारी कुत्री आणि तारांचं जाळं, सगळं गणितातून घडवलेलं. पूर्वी वायरमन तयार व्हायला सात-आठ वर्षं जुन्या माणसामागे हिंडावं लागे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हाच अभ्यासक्रम. फक्त या धंद्यात पुढच्याचं नुसत्या ठेचेवर भागत नसे. प्रतिसृष्टीत ठेच आपली आपल्यालाच लागायची, शहाणपणही आपलं आपल्यालाच यायचं आणि संध्याकाळी माणूस धडधाकट घरी जायचा. ‘अपरांत वीज सहकार’ने आपली सगळी नवी भरती इथेच शिकवायची असं ठरवलं, तेव्हा सुलक्षणाबाईंचे सत्कार झाले. त्यांनी ते आनंदाने करून घेतले.

आणि गेल्या अकरा महिन्यांत इथून शिकून गेलेले तिघे खऱ्या खांबांवर मेले होते.

तिघेही सारखेच गेले. कोकणात आता घरोघरी छतावर सौरपट्ट आणि जिन्याखाली बॅटरी असते. गावाची वीज बंद झाली की घराची वीज बाहेरच्या तारेत जाऊ नये म्हणून एक खटका आपोआप पडतो. पण खटका पडला की घरही अंधारात जातं, विहिरीवरचा पंप थांबतो, फ्रीजमधली मासळी खराब होते. म्हणून लोक गावातल्याच एखाद्या हुशार माणसाला बोलावून खटक्याला बगल देतात. मग उपकेंद्रातून बंद केलेली तार कुणाच्या तरी जिन्याखालून जिवंत होते. वायरमन त्याला रिटर्न म्हणतात. वादळात तार जागोजागी तुटते, त्यामुळे प्रत्येक खांबावरचा तुकडा वेगळा, त्याचा भरवसाही वेगळा. नियम सोपा होता. हात लावण्याआधी चाचणीदांडी तारेला टेकवायची आणि तीन अंक मोजायचे. दमट हवेत खरं काय ते सांगायला दांडीला तेवढा वेळ लागतो.

पहिला गेला केतन पाष्टे, तेवीस वर्षांचा, वर्गात पहिला आलेला. मुलांना भीतीच वाटत नाही, असा निष्कर्ष सुलक्षणाबाईंनी काढला आणि मोज्यांचा झटका तिप्पट केला. पाच महिन्यांनी दुसरा गेला. रिटर्नचे धडेच कमी पडत असतील, म्हणून त्यांनी ते दुप्पट केले. मग तिसरा गेला. दोन्ही उपाय त्यांनी रात्रीचा दिवस करून शोधले होते, आणि दोन्हींनंतर एकेका घरी त्यांना सांत्वनाला जावं लागलं होतं. केतनच्या आईने त्यांना एकच प्रश्न विचारला होता, “तो तुमच्याकडे नीट शिकत होता ना?” त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं होतं आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

“मी वेगळीकडून बघितलं,” मुकादम म्हणाले. त्यांनी समोरच्या पडद्यावर तीन ओळी आणल्या. “तुम्ही या तिघांची शेवटची चूक तपासत होता. मी त्याआधीचं त्यांचं बरोबर वागणं तपासलं. खऱ्या चाचणीदांडीतही नोंद राहते, हे बरं झालं. केतन त्या दिवशी तीन खांब चढला. पहिल्यावर रिटर्न होता. त्याने दांडी तीन सेकंद धरली, रिटर्न सापडला, घर शोधून त्याने तो बंद करवला. दुसऱ्यावरही रिटर्न. सव्वातीन सेकंद. तिसऱ्यावर अर्धा सेकंद.”

“आणि बाकीचे दोघे?”

“त्यांचे खांब वेगळे, गोष्ट हीच. लागोपाठ दोन खांब जिवंत निघाले, आणि पुढच्यावर दांडी नुसती टेकवल्यासारखी केली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तुमची मुलं दोनदा पोळली की तिसरा पेला घटाघट पितात. मॅडम, हे ती कुठे शिकली?”

सुलक्षणाबाई खुर्चीवर बसल्या. उत्तर त्यांना ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच लिहिलेलं होतं.

“धीरसूत्र,” त्या म्हणाल्या. “पहिल्या वर्षी दहातली चार मुलं अर्ध्यातून पळून जायची. कधी, ते मी शोधलं. लागोपाठ तिसऱ्यांदा मेली की. दोन मरणं माणूस सोसतो, तिसऱ्याला त्याला वाटतं की हे आपल्याच्याने व्हायचं नाही. म्हणून मी एक सूत्र घातलं. लागोपाठ दोन खांब जिवंत निघाले तर तिसरा कधीही जिवंत ठेवायचा नाही. मुलं टिकली. गळती जवळजवळ थांबली. त्याच निबंधाला सुवर्णपदक मिळालं मला.”

“मुलांना सांगितलं होतं?”

“कुणालाच नाही. आत्ता दर्शनाला विचारा, तिला काही माहीत नाही.”

“तिच्या डोक्याला माहीत नाही,” मुकादम म्हणाले. “चौदाशे तास शिकल्यावर हाताला माहीत असतं. दोनदा काटा लागला की पुढे मऊ आहे, हे तिच्या हाताला प्रतिसृष्टीनेच शिकवलंय. शाळा शिकवते ते आपण अभ्यासक्रमात लिहितो. पण शाळा स्वतः कशी वागते, तेही मुलं शिकतात, आणि ते जास्त पक्कं शिकतात.”

“पण मुलं दांडी तर टेकवत होती ना?”

“टेकवली की तुम्ही गुण देत होता. किती वेळ, याला गुण नव्हते.”

क्रूरपणाने माणसं मारली असती तर सुलक्षणाबाईंनी स्वतःला निदान शिव्या घातल्या असत्या. ही त्यांची दया होती. मुलांनी हिरमुसू नये म्हणून त्यांनी जगाला थोडं कनवाळू केलं होतं, आणि बाहेरच्या जगाने तसा काही करार केलेला नव्हता.

धीरसूत्र त्यांनी त्याच दुपारी काढून टाकलं. पण हाताला लागलेली सवय जायला, मुकादमांच्या अंदाजाने, चार महिने हवे होते. मिळाले चार दिवस. सोमवारी चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं आणि तीन तालुके अंधारात गेले. दवाखान्यांतलं डिझेल दोन दिवसांचं होतं. सहकाराच्या अध्यक्षांनी फोनवर नमस्कारसुद्धा केला नाही. “मॅडम, तुमची बेचाळीस मुलं शिकून तयार आहेत ना? मग द्या ती. की नाहीत तयार? तसं असेल तर तसं लिहून द्या.”

सुलक्षणाबाईंना वाट दाखवली बाबाजी घवाळींनी.

घवाळीमामा केंद्रातल्या सहा उस्तादांपैकी सर्वांत जुने. चाळीस वर्षं खांबांवर काढलेली, डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेले. दर्शना त्यांची सख्खी भाची. तिच्या आईचा विरोध मोडून तिला या धंद्यात त्यांनीच आणलं होतं. गेली तीन वर्षं हे सहाही उस्ताद रोज चक्षुपट लावून प्रतिसृष्टीतल्या खांबांखाली उभे राहत आणि मुलांना वरची कामं शिकवत.

“आमच्या टायमाला एकटा माणूस पोलावर चढायचाच नाय,” मामा म्हणाले. “खाली एक जण पायजेच. वरच्यानं दांडी लावली की खालच्यानं मोठ्यानं मोजायचं. एक, दोन, तीन. मग इचारायचं, बघितलंस? वरनं ‘बघितलं’ असा आवाज आला, तरच हात लावायचा. त्याला हाकारा म्हणायचे. पुढं सायबांनी माणसं कमी केली, खालचा माणूस गेला, हाकारा गेला. आता आमी उस्ताद इथं शिकवताना देतो तेवढाच. ही माजी दोन बोटं गेली ना, त्या दिवशी खालचा माणूस बिडी आणायला गेलेला.”

“म्हणजे प्रत्येक तुकडीबरोबर एक उस्ताद खाली उभा राहिला तर?”

“सहा उस्ताद, सात-सात पोरं. हिशेब बसतोय की. मी खाली उभा असलो तर वरचं माणूस मरत नाय मॅडम.”

सुलक्षणाबाईंना कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं. मुलांचा हात घाई करणार, हे आता ठाऊक होतं. त्या हाताला थांबवणारा आवाज खालून येणार होता. उस्तादांनी हाकारा देताना बिनतारी संचाचं बटण दाबायचं, म्हणजे जी तुकडी टप्प्यात असेल तिचा हाकारा केंद्रातही ऐकू येईल, एवढी एक भर त्यांनी घातली. मुकादमांनी पत्रक तयार केलं, त्यांनी सही केली, आणि मंगळवारी सकाळी सहा गाड्या केंद्राच्या टेकडीवरून खाली उतरल्या. जाताना दर्शनाने हात हलवला.

बुधवारी दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. पाच तुकड्या डोंगरांपलीकडे होत्या, त्यांच्याशी धड संपर्क नव्हता. मामांची तुकडी मात्र टेकडीखालच्या खाडीकाठच्या गावातच होती आणि त्यांचा हाकारा निरीक्षण कक्षात स्वच्छ ऐकू येत होता. एक, दोन, तीन. बघितलंस? बघितलं. एकामागून एक खांब मेलेला निघत होता. मुकादम कागद लावत बसले होते.

“मॅडम, तुमचं एक कौतुक वाटतं,” ते हसत म्हणाले. “पहिल्या उपायावर तुमची साठ पानी टिपणं. दुसऱ्यावर सत्तर. हा तिसरा उपाय, यावर नुसती सही. वाचलं तरी होतंत का माझं पत्रक?”

“घाईच एवढी होती, की—” सुलक्षणाबाई हसायला लागल्या आणि थांबल्या. “नाही. नाही वाचलं.”

“असू दे हो, मी चेष्टा करत होतो.”

“घाई पहिल्या दोन्ही वेळीही होती. दोन्ही वेळी मी शंभर शंका काढल्या. या वेळी एकही नाही. मला वाटलं, दोनदा चुकलो, आता हे बरोबरच असणार.” त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होत्या. “मुकादम, प्रतिसृष्टीत सगळ्यांत जास्त तास कुणाचे झालेत?”

“मुलांचे चौदाशे.”

“माझे नऊ हजार. प्रत्येक नवा धडा आधी मी चढून बघते. सहा वर्षं.”

मुकादमांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “सूत्र तुम्हीच लिहिलेलं असताना?”

“डोक्याने लिहिलं होतं. शिकला तो हात.”

मग दोघांच्याही मनात एकच प्रश्न आला आणि तो मुकादमांनी विचारला. “तुमच्यानंतर कुणाचे?”

उस्तादांच्या नोंदी कधी उघडल्याच गेल्या नव्हत्या. शिकणाऱ्याची परीक्षा सगळे घेतात, शिकवणाऱ्याची कोण घेणार? सुलक्षणाबाईंनी त्या उघडल्या. बाबाजी घवाळी, पाच हजार आठशे तास. जिवंत निघालेल्या लागोपाठच्या दोन खांबांनंतर तिसऱ्या खांबाखाली हाकारा दिला का? पहिल्या वर्षी शंभरातून शंभर वेळा. दुसऱ्या वर्षी चौसष्ट वेळा. या वर्षी अकरा. बाकीच्या पाच उस्तादांचे आकडे थोडेफार इकडेतिकडे होते, पण उतरण तीच होती.

“खांबाखाली उभा राहणारा माणूस प्रतिसृष्टीच्या बाहेर आहे असं आपण धरून चाललो,” मुकादम पुटपुटले. “तोही आतच उभा होता.”

सुलक्षणाबाई बिनतारी संचाकडे धावल्या, पण संच बोलत होता. या संचावर एका वेळी एकच बाजू बोलू शकते. पलीकडच्याने बटण सोडल्याशिवाय आपला आवाज जात नाही.

“...केंद्र, मी घवाळी. हा पोल गरम निघाला. म्हात्र्यांच्या घरातनं रिटर्न होता, बंद करून घेतला. त्याच्या आदीचापन गरमच होता. दोन झाले. आता आपली दर्शना पुढल्यावर चढतेय.”

“मामा, थांबवा तिला,” सुलक्षणाबाई बटण दाबून म्हणाल्या, पण मामा अजून बोलतच होते. वाऱ्याचा आवाज, कुणाला तरी शिडी धरायला सांगणं, शिडी खांबाला टेकल्याचा आवाज. “हां, चढ, चढ,” मामा म्हणाले. बटण अजून दाबलेलंच होतं.

मग ते सुटलं. संच शांत झाला.

आता हाकारा यायला हवा होता. सुलक्षणाबाईंनी मनातल्या मनात मोजलं. एक. संचातून काही आलं नाही. मामांनी बटण दाबलेलं नव्हतं, म्हणून वाट मोकळी होती. ते हाक देत नव्हते म्हणूनच आता सुलक्षणाबाईंना ती देता येणार होती. त्यांनी बटण दाबलं आणि तोंड संचाला लावून, वर्गात बोलायच्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “एक. दोन. तीन. दर्शना, बघितलंस?”

मामांच्या कमरेच्या संचातून तो आवाज मोठ्याने बाहेर पडला असणार. बराच वेळ काही नाही. मग पलीकडून बटण दाबलं गेलं आणि आधी ऐकू आला तो लांबवरचा चाचणीदांडीचा बारीक, न थांबणारा चीत्कार.

“बघितलं,” दर्शनाचा आवाज वरून आला. “मॅडम, जिवंत आहे. हात मी... हात लावतच होते मी.”

“खाली उतर. हळू. मामा, तिला उतरवून घ्या आणि काम थांबवा.”

तिला उतरवून झाल्यावर मामा संचावर आले. चाळीस वर्षांत त्यांचा आवाज असा कुणी ऐकला नसेल. “मॅडम, मी हाकारा इसरलो नव्हतो. तोंडाशी आला होता माज्या. मग वाटलं, आता ह्याच्यावर नसंल. दोनावर निघाला ना, आता नसंल. कोनी सांगितलं मला हे? मला कोनी सांगितलं?”

सुलक्षणाबाईंना रडू फुटलं. “मी सांगितलं, मामा,” त्या म्हणाल्या. “तुमची चूक नाही. मी सांगितलं ते तुम्हाला.”

मुकादमांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. पाच तुकड्या, पस्तीस मुलं, पाच उस्ताद, सगळे डोंगरांपलीकडे. बुधवारची दुपार, कामाची ऐन वेळ. वादळ सगळीकडे सारखंच झालं होतं आणि मासळी सगळ्यांच्याच फ्रीजमध्ये होती.

सुलक्षणाबाईंनी डोळे पुसले आणि दुसऱ्या तुकडीचा क्रमांक लावला. उत्तर आलं नाही. तिसऱ्या तुकडीचा लावला. उत्तर आलं नाही.

चौथ्या तुकडीचा क्रमांक लावताना त्यांना एकदम बरं वाटलं. दोनदा नाही लागला, आता लागेल, असं मनात आलं, अगदी सहज. त्यांनी तो विचार ओळखला. त्यांनी बटण न दाबताच मान वळवली.

“मुकादम, गाडी काढा,” त्या म्हणाल्या. “आधी चौथ्या तुकडीकडे. ही लागेल असं वाटलं मला, म्हणून लागणार नाही असंच धरून चला.”

मुकादम चावी घेऊन निघाले. मग सुलक्षणाबाईंनी बटण दाबलं आणि चौथ्या तुकडीला हाक मारली. पलीकडे नुसती खरखर होती.